चढ आणि आंतरछेद: रेषेची उदाहरणं कोणत्या क्रमाने सोडवायची आणि ती कुठे चुकतात

दहावीच्या निर्देशक भूमितीत चढ येतो, अकरावीत रेषेची समीकरणं येतात आणि सीईटीच्या तयारीला लागेपर्यंत सगळी सूत्रं तोंडपाठ झालेली असतात. तरी उत्तर चुकतं. वही नीट पाहिली तर सूत्र बरोबर असतं, आकडेमोडही बऱ्यापैकी असते. चूक त्याआधीच झालेली असते. प्रश्नात नेमकं काय दिलंय हे न ठरवता हाताला येईल ते सूत्र लिहून टाकलेलं असतं.

म्हणून या लेखात समीकरणाची सूत्रं पाचव्या टप्प्यात येतात. त्याआधीचे चार टप्पे गाळू नका.

आधीची तयारी

चौकटीची वही घ्या. आलेख कागद असेल तर उत्तम, पण कच्च्या आकृतीसाठी चौकटी पुरतात. दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखंच ठेवा. आडव्या अक्षावर एक घर म्हणजे १ आणि उभ्यावर एक घर म्हणजे ५ असं घेतलं, तर आकृतीतला कोन खोटा दिसतो. काटकोन काटकोन वाटत नाही आणि तुम्ही बरोबर उत्तर खोडून टाकता.

पुस्तकात रोमन अक्षरं असतात. इथे आडव्या निर्देशकाला क्ष, उभ्याला य, चढाला म आणि समीकरणातल्या स्थिर पदाला स म्हटलंय. कॉलेजात ज्याला इंटरसेप्ट म्हणतात तो आंतरछेद, म्हणजे रेषा अक्षाला जिथे कापते तिथला त्या अक्षावरचा आकडा.

आणखी एक तयारी हवी आणि ती कंटाळवाणी आहे: ऋण संख्यांची वजाबाकी. २ − (−३) म्हणजे ५ हे विचार न करता येत नसेल, तर आज रेषा बाजूला ठेवा आणि अर्धा तास फक्त अशा वजाबाक्या करा. या प्रकरणातले निम्मे अपघात तिथेच होतात.

टप्पा १: दोन गोष्टी शोधा

रेषा पक्की व्हायला दोन स्वतंत्र गोष्टी लागतात. कमी नाहीत, जास्त नाहीत. प्रश्न वाचताना त्या दोन्हींखाली पेन्सिलने रेघ मारा.

कशाकशाला एक गोष्ट म्हणायचं?

- रेषेवरचा एक बिंदू.
- चढ. तो सरळ दिलेला असेल, कोनातून काढायचा असेल किंवा 'अमुक रेषेला समांतर', 'अमुक रेषेला लंब' अशा शब्दांत लपलेला असेल.
- एक आंतरछेद. हा खरं तर वेषांतर केलेला बिंदूच असतो: य-आंतरछेद ४ म्हणजे (०, ४), क्ष-आंतरछेद −३ म्हणजे (−३, ०).
- एखादा संबंध: 'आंतरछेदांची बेरीज १०', 'आंतरछेद समान', 'अक्षांसह तयार होणाऱ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ २४'.

सावधान: एकच गोष्ट दोन शब्दांत सांगितलेली असू शकते. 'य-आंतरछेद ४' आणि '(०, ४) मधून जाते' ही एकच माहिती आहे. यावरून रेषा ठरत नाही.

ताळा: दोन गोष्टी सापडल्या का? नसतील तर प्रश्न पुन्हा वाचा. तीन सापडल्या तर तिसरी बाजूला लिहून ठेवा, शेवटी उत्तर तपासायला कामी येईल.

टप्पा २: कच्ची आकृती आणि अंदाज

मोजपट्टी नको. अक्ष काढा, दिलेले बिंदू अंदाजाने मांडा, रेषा ओढा. मग उत्तर काढायच्या आधीच तीन गोष्टी लिहा: चढ धन की ऋण, १ पेक्षा तीव्र की सौम्य, आणि रेषा दोन्ही अक्षांना कोणत्या बाजूला कापते.

डावीकडून उजवीकडे जाताना रेषा वर चढली तर चढ धन, उतरली तर ऋण. चढ १ म्हणजे क्ष-अक्षाशी ४५ अंश. आकड्यांचा अंदाज येत नसेल तर कर्जत-लोणावळा मार्गावरचा बोरघाट आठवा. तिथे रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे १/३७, कोनात जेमतेम दीड अंश. कागदावर ही रेषा जवळजवळ आडवी दिसेल. तरी एवढ्यासाठी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. तेव्हा तुमच्या उत्तरात चढ ३ आला, तर ती रेषा क्ष-अक्षाशी सत्तर अंशांहून मोठा कोन करते. आकृतीत ती तशी दिसते का, बघा.

टप्पा ३: चढ काढा

तो चार वाटांनी मिळतो.

*दोन बिंदूंवरून.* चढ = (दुसरा य − पहिला य) ÷ (दुसरा क्ष − पहिला क्ष).

अ(−३, ५) आणि ब(२, −५) घ्या. वर: −५ − ५ = −१०. खाली: २ − (−३) = ५. चढ −२.

कोणता बिंदू पहिला मानायचा याला महत्त्व नाही. वर आणि खाली क्रम एकच ठेवायला हवा, एवढंच. वर 'ब वजा अ' आणि खाली 'अ वजा ब' केलं की चिन्ह उलटतं आणि २ येतो. दुसरी ठरलेली चूक म्हणजे क्ष वर आणि य खाली. बिंदू लिहिताना क्ष आधी येतो, म्हणून हातही तो आधी लिहितो.

*समीकरणावरून.* ३क्ष − ४य + १२ = ० या रेषेचा चढ किती? घाईत ३ लिहिणारे असतात, −३/४ लिहिणारे त्याहून जास्त. य एकटा करा: ४य = ३क्ष + १२, म्हणून य = (३/४)क्ष + ३. चढ ३/४. 'उणे क्षचा गुणांक भागिले यचा गुणांक' हे सूत्र वापरायचं असेल, तर यचा गुणांक −४ आहे, ४ नाही, हे विसरू नका. ज्याची चिन्हं गडबडतात त्याने य एकटाच करावा. एक ओळ जास्त लागते, पण फसायला होत नाही.

*कोनावरून.* चढ म्हणजे टॅन थीटा, आणि थीटा हा क्ष-अक्षाच्या धन दिशेपासून घड्याळाच्या काट्याविरुद्ध मोजलेला कोन. ६० अंशांना √३, १३५ अंशांना −१. प्रश्नात 'य-अक्षाशी ३० अंश' असेल तर थेट टॅन ३० लिहू नका. अशा दोन रेषा असतात: एक क्ष-अक्षाशी ६० अंशांची, दुसरी १२० अंशांची. चढ √३ आणि −√३.

*आंतरछेदांवरून.* रेषा (४, ०) आणि (०, ६) मधून जात असेल तर चढ −६/४, म्हणजे −३/२. दोन्ही आंतरछेद एकाच चिन्हाचे असतील तर चढ ऋण, वेगळ्या चिन्हांचे असतील तर धन. दुसऱ्या टप्प्यातल्या अंदाजाशी ताडून पाहायला हे फार उपयोगी पडतं.

सावधान: दोन्ही बिंदूंचा क्ष सारखा असेल, जसं (३, २) आणि (३, −७), तर खाली शून्य येतं. अशा उभ्या रेषेचा चढ सांगता येत नाही. तो शून्य नसतो. शून्य चढ आडव्या रेषेचा. उभ्या रेषेचं समीकरण सरळ क्ष = ३ लिहा आणि पुढे जा, चढाचं कुठलंही सूत्र तिथे चालत नाही.

टप्पा ४: आंतरछेद काढा

क्ष-आंतरछेद हवा तर य = ० ठेवा. य-आंतरछेद हवा तर क्ष = ० ठेवा. नावातलं अक्षर शून्य करायचं नाही, दुसरं करायचं. अदलाबदल होते ती इथेच.

वरच्याच रेषेत, ३क्ष − ४य + १२ = ० मध्ये, य = ० ठेवला की क्ष = −४, आणि क्ष = ० ठेवला की य = ३. सुट्टं पद १२ आहे म्हणून आंतरछेद १२ लिहू नका. तो य = मक्ष + स या रूपात य एकटा झाल्यावरच स वरून वाचता येतो.

आंतरछेदाला चिन्ह असतं, लांबीला नसतं. इथे क्ष-आंतरछेद −४ आहे, पण अक्षांसह होणाऱ्या त्रिकोणाची बाजू ४. क्षेत्रफळ ½ × ४ × ३ = ६. क्षेत्रफळ ऋण आलं तर चिन्ह बाजूच्या लांबीत शिरलंय.

ताळा: काढलेले दोन आंतरछेद कच्च्या आकृतीत अक्षांच्या त्याच बाजूंना आहेत का?

टप्पा ५: आता रूप निवडा

हातात काय आहे त्यावर रूप ठरतं.

- चढ आणि य-आंतरछेद: य = मक्ष + स.
- चढ आणि कोणताही बिंदू: य − बिंदूचा य = म × (क्ष − बिंदूचा क्ष).
- दोन बिंदू: आधी चढ काढा, मग वरचंच रूप. दोन बिंदूंचं वेगळं सूत्र पाठ करायची गरज मला कधी पटलेली नाही.
- दोन्ही आंतरछेद, किंवा त्यांच्यातला संबंध: क्ष/प + य/फ = १. इथे प हा क्ष-आंतरछेद, फ हा य-आंतरछेद.

अ(−३, ५) आणि ब(२, −५) यांच्यासाठी चढ −२ होता. म्हणून य − ५ = −२(क्ष + ३), म्हणजे य = −२क्ष − १. कंसात क्ष − (−३) चं क्ष + ३ होतं. घाईत क्ष − ३ लिहिलं जातं.

ताळा: समीकरण ज्या बिंदूवरून लिहिलं तो सोडून दुसरा बिंदू ठेवा. ब साठी: −२ × २ − १ = −५. जमलं. अ ठेवून हा ताळा करू नका. त्याच्यावरूनच समीकरण लिहिलंय, म्हणून चढ चुकला असला तरी तो जुळेलच.

शेवटच्या रूपात उजवीकडे १ च हवा. ३क्ष − ४य = −१२ ला −१२ ने भागलं की क्ष/(−४) + य/३ = १. फक्त १२ ने भागलं तर उजवीकडे −१ राहतो आणि दोन्ही आंतरछेदांची चिन्हं उलटी वाचली जातात.

टप्पा ६: समांतर आणि लंब

समांतर रेषांचे चढ सारखे. लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१. म्हणजे चढ उलटा करायचा आणि चिन्हही बदलायचं, दोन्ही. २/५ ला लंब −५/२. नुसतं −२/५ किंवा नुसतं ५/२ केलं तर काम अर्धवट राहिलं.

यातल्या एका रेषेचा चढच नसेल तर गुणाकाराचा नियम लावू नका. (५, ४) मधून जाणारी आणि क्ष = ३ ला लंब रेषा कोणती? आकृती पाहा: ती आडवी आहे, य = ४.

तीन बिंदू एकरेषीय, म्हणजे एकाच रेषेवर, आहेत का हे विचारलं की दोन जोड्यांचे चढ काढून तुलना करतात. एखादा निर्देशक अज्ञात असेल, तर ज्या जोडीत तो नाही तिचा चढ आधी काढा. (१, ५), (३, ट), (७, −७) एकरेषीय असतील तर टोकाच्या दोन बिंदूंचा चढ −१२ ÷ ६ = −२. मग क्ष १ वरून ३ वर जाताना य ४ ने घटतो, म्हणून ट = १. समीकरण मांडायचीही गरज पडली नाही.

चौकोनाच्या उदाहरणात बिंदू दिलेल्या क्रमानेच जोडा. अ(०, १), ब(४, ३), क(३, ५), ड(−१, ३) मध्ये अब आणि कड यांचे चढ ½, बक आणि डअ यांचे −२. समोरासमोरच्या बाजू समांतर, शेजारच्या लंब, म्हणून आयत. पण चौरस आहे का, हे चढ सांगत नाही. त्यासाठी अंतराचं सूत्र हवं: अब = √२०, बक = √५, म्हणून चौरस नाही.

टप्पा ७: एक पूर्ण उदाहरण

त्रिकोणाचे शिरोबिंदू अ(०, ९), ब(−३, ०), क(५, ४). अ मधून जाणाऱ्या शिरोलंबाचं समीकरण, त्याचा पाया (तो बक ला जिथे मिळतो तो बिंदू) आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढा.

शिरोलंबाबद्दल दोन गोष्टी दिल्यात: तो अ मधून जातो आणि बक ला लंब आहे.

बक चा चढ ४ ÷ ८ = ½. शिरोलंबाचा चढ −२. अ हा य-अक्षावरच आहे, म्हणून य-आंतरछेद आयता ९ मिळाला. शिरोलंब: य = −२क्ष + ९.

बक: य = ½(क्ष + ३). दोन्ही य सारखे ठेवा: ½क्ष + ३/२ = −२क्ष + ९. यावरून क्ष = ३, य = ३. पाया (३, ३). बिंदू ब आणि क यांच्या मधेच पडतो, आकृतीशी जुळतं.

उंची अ ते (३, ३): √(९ + ३६) = ३√५. बाजू बक = √(६४ + १६) = ४√५. क्षेत्रफळ ½ × ३√५ × ४√५ = ३०.

आता आंतरछेदाने ताळा. बक चा य-आंतरछेद ३/२, आणि अ त्याच अक्षावर ९ वर. मधला उभा तुकडा ७½. ब पासून क पर्यंतची आडवी रुंदी ८. ½ × ७½ × ८ = ३०. करणी चिन्ह न येता तेच उत्तर आलं. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू य-अक्षावर असेल आणि समोरची बाजू त्या अक्षाला कापत असेल, तर मी हीच वाट आधी धरतो.

शिरोलंब, मध्यगा आणि लंबदुभाजक यांची सरमिसळ होते. याच त्रिकोणात बक चा मध्यबिंदू (१, २). अ मधून जाणारी मध्यगा य = −७क्ष + ९ आणि बक चा लंबदुभाजक य = −२क्ष + ४. लंबदुभाजकाचा चढ शिरोलंबाइतकाच, पण तो अ मधून जात नाही. प्रश्नात यांपैकी कोणता शब्द आहे ते पहिल्या टप्प्यातच अधोरेखित झालेलं हवं.

जिथे एक उत्तर लिहून थांबतात

'(२, ३) मधून जाणारी, दोन्ही अक्षांवर समान आंतरछेद असणारी रेषा काढा.' बहुतेक जण क्ष/प + य/प = १ लिहितात, प = ५ काढतात आणि क्ष + य = ५ लिहून पुढच्या प्रश्नाला लागतात. पण (०, ०) या आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेचे दोन्ही आंतरछेद शून्य असतात, म्हणजे समानच. ३क्ष − २य = ० हीसुद्धा (२, ३) मधून जाते. प ने भागताना आपण न सांगता प शून्य नाही असं धरून टाकलं आणि ही रेषा निसटली. 'शून्येतर आंतरछेद' असं प्रश्नात लिहिलेलं नसेल तर ही शक्यता वेगळी तपासा. 'समान पण विरुद्ध चिन्हांचे' म्हटलं तर क्ष − य = −१, आणि तिथेही आरंभबिंदूचा प्रश्न उरतोच.

दुसरा नमुना: '(२, ३) मधून जाणारी, आंतरछेदांची बेरीज १०.' २/प + ३/(१० − प) = १ वरून प² − ९प + २० = ०, म्हणून प = ४ किंवा ५. आंतरछेद ४ आणि ६ घेतले तर ३क्ष + २य = १२; ५ आणि ५ घेतले तर क्ष + य = ५. दोन्ही उत्तरं लिहायची. वर्गसमीकरण आलं की दोन्ही मुळं प्रश्नात ठेवून पाहा, मगच एखादं गाळा. इथेही आंतरछेद शून्य धरून एकदा पाहा. आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेत बेरीज शून्य होते, १० होत नाही, म्हणून ती इथे बसत नाही.

आलेखावरून वाचताना

सेल्सियस-फॅरनहाइटचा आलेख घ्या: सेल्सियस आडवा, फॅरनहाइट उभा. पाणी ० अंश सेल्सियसला गोठतं तिथे ३२, १०० ला उकळतं तिथे २१२. चढ १८० ÷ १०० = ९/५, य-आंतरछेद ३२. इथे चढाचा अर्थ असा की सेल्सियस एका अंशाने वाढलं की फॅरनहाइट १.८ ने वाढतं. क्ष-आंतरछेद −१६०/९, साधारण −१७.८: फॅरनहाइटचा शून्य सेल्सियसमध्ये तिथे येतो.

छापील आलेखात अक्ष शून्यापासून सुरू होतोच असं नाही. उभा अक्ष ५० पासून काढला असेल, तर रेषा जिथे त्याला टेकलेली दिसते तो य-आंतरछेद नव्हे. आधी अक्षांवरचे आकडे वाचा. शंका आली तर रेषेवरचे दोन ठळक बिंदू घेऊन समीकरणच काढा.

सरावासाठी

१. ५क्ष + २य − २० = ० चा चढ, दोन्ही आंतरछेद आणि अक्षांसह होणाऱ्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ.
२. (−२, ३) मधून जाणारी, य-अक्षाला समांतर रेषा.
३. (३, −१) मधून जाणारी, २क्ष − ५य + ७ = ० ला लंब रेषा.
४. (३, ४) मधून जाणारी, समान आंतरछेदांची रेषा.
५. (−१, ८), (२, ट), (५, −४) एकरेषीय असतील तर ट.

उत्तरं: १) चढ −५/२, क्ष-आंतरछेद ४, य-आंतरछेद १०, क्षेत्रफळ २०. २) क्ष = −२. ३) ५क्ष + २य = १३. ४) क्ष + य = ७, आणि ४क्ष − ३य = ०. ५) ट = २. दुसऱ्याचं उत्तर य = ३ आलं असेल तर आकृती काढली नव्हती; चौथ्याचं एकच उत्तर आलं असेल तर 'जिथे एक उत्तर लिहून थांबतात' हा भाग पुन्हा वाचा.